सदतीस विरुद्ध शून्य: साउथ कॅरोलायनाच्या मुलींचा २०२३-२४ चा सीझन

बेंचवरची

२०२४ ची अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची महिला फायनल काल पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. साउथ कॅरोलायना विद्यापीठ ८७, आयोवा विद्यापीठ ७५. या मॅचचा विषय निघाला की बोलणं लगेच आयोवाच्या केटलिन क्लार्ककडे वळतं. क्लार्क मलाही फार आवडते. पण ट्रॉफी दुसऱ्या टीमने नेली, आणि ती कशी नेली हे सांगणारा एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही: ३७-०.

हा बेंचचा हिशेब आहे. साउथ कॅरोलायनाच्या बदली उतरलेल्या मुलींनी मिळून ३७ गुण केले, आयोवाच्या बदली खेळाडूंनी एकही नाही. त्यातले १९ एकट्या टेसा जॉन्सनचे. पहिल्या वर्षाची मुलगी, राष्ट्रीय फायनल, समोर वरच्या गटातल्या (डिव्हिजन वन) कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुण केलेली खेळाडू क्लार्क, आणि ही बेंचवरून उठून येते आणि आपल्या टीमची टॉप स्कोअरर होते.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा सीझन खरा सुरू होतो आदल्या वर्षीच्या हरण्यापासून. २०२२-२३ मध्ये ही टीम ३६-० अशी, म्हणजे ३६ जिंकून आणि एकही न हरता, सेमीफायनलला आली होती. अलिया बोस्टन, झिया कुक, ब्री बील या सगळ्या मुलींनी एकत्र प्रवेश घेतलेला आणि चार वर्षं एकत्र काढलेली. त्या सेमीफायनलला क्लार्कने ४१ गुण ठोकले आणि आयोवा ७७-७३ ने जिंकली. एक मॅच हरल्या आणि सगळं संपलं. पहिल्या पाचातल्या पाचही जणी कॉलेज सोडून गेल्या. बोस्टन तर डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकावर गेली. कुठल्याही टीमचे पाचच्या पाच खांब एकदम गेले की पुढचं वर्ष 'नवी बांधणी' म्हणून सोडून देतात. त्या वेळी मीही असंच धरून चालले होते.

आणि मग ६ नोव्हेंबर २०२३, पॅरिस. अमेरिकन कॉलेजची नियमित सीझनमधली मॅच पॅरिसमध्ये व्हायची ही पहिलीच वेळ. समोर नोटर डेम. साउथ कॅरोलायनाने १०० गुण केले, नोटर डेमने ७१. त्या मॅचमध्ये मिलेसिया फुलवायली नावाच्या मुलीने, तीही पहिल्या वर्षाचीच, पूर्ण कोर्ट ड्रिबल करत नेलं, आडव्या आलेल्या डिफेंडरसमोर चेंडू पाठीमागून फिरवला आणि धावता धावता ले-अप (बास्केटजवळ जाऊन हलकेच टाकलेला शॉट) टाकला. एनबीएचा दिग्गज खुद्द मॅजिक जॉन्सनने त्याचं जाहीर कौतुक केलं. मी तो तुकडा थांबवून थांबवून पाहिला आहे. चेंडू पाठीमागे जातो तेव्हा तिचे खांदे जराही वळत नाहीत, त्यामुळे डिफेंडरला काही कळायच्या आत ती पलीकडे गेलेली असते. ही मुलगीसुद्धा फायनलच्या पहिल्या पाचात नव्हती. यावरून त्या बेंचची खोली लक्षात यावी.

मी कॉलेजला तीन वर्षं टीममध्ये होते, आणि त्यातला बराचसा काळ बेंचवर. बेंचवर बसणं म्हणजे काय ते बसलेल्यालाच माहीत. वॉर्म-अपला आलेला घाम दहा मिनिटांत वाळतो, गुडघे गार पडतात, आणि कोचने मान वळवली की छातीत धस्स होतं. उतरल्यावर पहिला पास हातातून सुटला तर परत बसवतील ही भीती पाठीवर असते. म्हणून टेसा जॉन्सन आत येते आणि पहिल्या मोकळ्या संधीला न कचरता शॉट घेते, ते मला कुठल्याही डंकपेक्षा मोठं वाटतं. असा शॉट घेता येतो तो कोचने वर्षभर तिला चुकू दिलं म्हणून.

माझं म्हणणं एवढंच: या सीझनच्या ३८-० चं श्रेय कोणा एकीला देता येत नाही, आणि म्हणूनच मला तो अलीकडच्या काळातला सगळ्यात सुंदर सीझन वाटतो. कोणी पाहिला असेल तर लिहा. न पाहिलेल्यांनी विचारा.

हाफकोर्ट

सुरेख लिहिलंय. मी एनबीए नियमित बघतो, पण मुलींचं कॉलेज बास्केटबॉल फक्त तुकड्या-तुकड्यांत पाहिलंय. ३८ मॅच म्हणजे नक्की काय काय? आणि खेळाचे नियम तेच का?

आकडेमोड

@हाफकोर्ट, थोडक्यात सांगतो.

मॅच चार क्वार्टरची, प्रत्येक क्वार्टर दहा मिनिटांचा. हे २०१५-१६ पासून. कॉलेजची मुलं मात्र अजून वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ खेळतात. शॉट क्लॉक ३० सेकंदांचा, पाच फाउल झाले की बाहेर. मुलींचा चेंडू थोडा लहान, साडेअठ्ठावीस इंच घेराचा.

सीझनचे तीन टप्पे. आधी नियमित मॅचेस, त्यातल्या आपल्या कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटाच्या) वेगळ्या मोजतात. साउथ कॅरोलायनाची कॉन्फरन्स एसईसी, तिथे त्या १६-०. मग कॉन्फरन्सची स्पर्धा. मग मार्चमध्ये ६८ टीमची राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथे एक हरलात की घरी. एनबीएसारखी सातची मालिका नाही. एक वाईट रात्र पुरते, आणि २०२३ ला त्यांची तीच झाली.

असे बिनहारी सीझन किती विरळ ते बघा. महिलांची ही राष्ट्रीय स्पर्धा १९८२ ला सुरू झाली. एकही मॅच न हरता ती पहिल्यांदा जिंकली टेक्ससने, १९८६ मध्ये, ३४-०. त्यानंतर टेनेसी १९९८, बेलर २०१२, आणि कनेटिकट तर सहा वेळा. साउथ कॅरोलायनाचा २०२४ चा हा दहावा. म्हणजे त्यांना धरून तोवर फक्त पाच कॉलेजांना हे जमलं होतं.

आणखी एक बेरीज मला आवडते. २०२१-२२ ला ३५-२, पुढच्या वर्षी ३६-१, मग ३८-०. तीन वर्षांत ११२ मॅच, हार फक्त ३.

पाचवी_गार्ड

बेंचबद्दल पूर्ण सहमत. पण रेव्हन जॉन्सनचं नाव अजून कोणीच घेतलं नाही, म्हणून लिहायला बसले.

२०२३ च्या त्याच सेमीफायनलमधलं एक दृश्य आहे. रेव्हनकडे चेंडू, तीन गुणांच्या रेषेबाहेर ती उभी. तिला गार्ड करायचं काम क्लार्कचं. आणि क्लार्क तिच्याजवळ जातच नाही. आत पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या भागात) उभी राहून हातानेच झटकल्यासारखं करते, म्हणजे 'मार, तुला मोकळीच सोडलीय.' डावपेच म्हणून त्यात काही चूक नव्हती. त्या वर्षी साउथ कॅरोलायनाचं लांबून शूटिंग कच्चंच होतं आणि आयोवाने बरोबर त्यावर बोट ठेवलं. पण ती क्लिप लाखो लोकांनी पाहिली, हसून पाहिली. खेळ सोडून द्यावा असं वाटलं होतं, हे रेव्हनने पुढे स्वतः सांगितलं.

मी गार्डच्या जागी (बाहेरून खेळ चालवणारी) खेळलेय, त्यामुळे हे अपमानापलीकडे कुठे लागतं ते मला माहीत आहे. तुम्हाला कोणी गार्डच करत नसेल तर तुमच्या टीमच्या बाकी चौघी पाचजणींविरुद्ध खेळत असतात. चेंडू आपल्याकडे असताना प्रत्येक वेळी. आणि ते तुमच्यामुळे.

पुढच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे टे-हिना पाओपाओ ओरेगॉनहून बदली घेऊन आली, जी लांबून शंभरात पंचेचाळीसच्या वर शॉट बसवायची, त्यामुळे रेषेबाहेर गर्दी करणं इतर टीमना भाग पडलं. दुसरी गोष्ट खुद्द रेव्हन. तिसऱ्या फेरीत इंडियानाविरुद्ध साउथ कॅरोलायनाने २२ ची आघाडी घेतली होती, ती वितळत वितळत दोनवर आली. शेवटचं मिनिट. चेंडू रेव्हनकडे, त्याच रेषेबाहेर. तिने थ्री मारला आणि तो आत गेला. मॅच ७९-७५.

आणि मग फायनलला पुन्हा क्लार्क. पहिल्या क्वार्टरमध्ये क्लार्कने १८ केले, फायनलमध्ये एका क्वार्टरचा तो विक्रम. पुढच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून १२. एकंदर २८ शॉटमध्ये १० आत. बराच वेळ रेव्हन तिच्या अंगावर होती. स्क्रीन लागली, म्हणजे आयोवाची दुसरी खेळाडू वाटेत आडवी उभी राहिली, तरी खांदा आत घालून निसटायची आणि परत समोर हजर. मध्यंतराच्या थोडं आधी तिने क्लार्कच्या हातातला चेंडू काढला आणि एकटीने पळत जाऊन ले-अप टाकला. तो मी पाहिला तेव्हा घरात एकटीच मोठ्याने ओरडले होते.

गुणफलकात रेव्हनचं नाव फार वर दिसत नाही. पण ती मॅच तिची होती.

सांजवेळ

सगळ्यांचं वाचतेय, छान चाललंय. पण थोडा वेगळा सूर लावते. ३८-० म्हटलं की कशी पोलादी टीम वाटते, पण हा सीझन एका क्षणी संपल्यात जमा होता आणि वाचला तो एका अशक्य शॉटने.

एसईसी स्पर्धेची सेमीफायनल, समोर टेनेसी. साउथ कॅरोलायना तेवीसने पुढे होती, आणि ती सगळी आघाडी गेली. टेनेसी ७३-७१ ने पुढे, घड्याळात १.१ सेकंद. बाहेरून चेंडू आत टाकतेय पाओपाओ. सगळ्यांना माहीत की चेंडू कोणा शूटरकडे जाणार, त्यामुळे शूटर सगळ्या झाकलेल्या. मोकळी कोण, तर कमिला कार्डोसो. ब्राझीलची, सहा फूट सात इंच उंच, बास्केटखाली खेळणारी सेंटर. कॉलेजच्या पूर्ण कारकिर्दीत तिने एकही थ्री बसवलेला नव्हता. चेंडू तिच्याकडे आला, तिने रेषेबाहेरून उचलला आणि सोडला, बोर्डला लागून आत. बझर. ७४-७३.

आता हे काय, तयारी? मला तरी हे दैव वाटतं. तो बोर्डवर चार बोटं बाजूला लागला असता तर हा धागा निघालाच नसता.

आणि दुसऱ्याच दिवशी लुइसियाना स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या (एलएसयू) फायनलमध्ये धक्काबुक्की झाली, कार्डोसोला बाहेर काढलं आणि राष्ट्रीय स्पर्धेची पहिली मॅच तिला खेळता आली नाही. साउथ कॅरोलायनाच्या मुख्य कोच डॉन स्टेलींनी माफी मागितली, कार्डोसोनेही मागितली, ते योग्यच झालं. पण सीझनचं कौतुक करताना ही बाजूही यावी असं वाटतं.

बेंचवरची

@सांजवेळ, बरं झालं लिहिलंस. तो प्रसंग माझ्याकडून राहिला होता. धक्काबुक्कीचं समर्थन मी करणार नाही. नियमही कडक आहे, भांडण चालू असताना बेंचवरून उठून कोर्टात पाऊल टाकलं तरी खेळाडू बाद. माझ्या आवडत्या बेंचवरच्या मुली त्या दिवशी अशाच बाद झाल्या आणि मला वाईट वाटलं.

कार्डोसोच्या शॉटबद्दल मात्र अर्धीच सहमत. बोर्डला लागून आत गेला हे दैव, कबूल. पण जिने आयुष्यात थ्री बसवलेला नाही तिने तो चेंडू धरल्यावर इकडेतिकडे न बघता मारला, हे दैव नाही. अशा वेळी नव्वद टक्के सेंटर घाबरून चेंडू कोणाला तरी परत द्यायला बघतात आणि तोवर घड्याळ संपतं. १.१ सेकंदात विचार करायला जागाच नसते, जे अंगात मुरलंय तेवढंच बाहेर येतं.

आणि तिच्याविना झालेली ती पहिली मॅच? प्रेस्बिटेरियनविरुद्ध ९१-३९. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे खरं. पण सेमीफायनल बघ. एन.सी. स्टेटशी मध्यंतराला ३२-३१, फक्त एक गुण पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २९-६. त्या मॅचमध्ये अ‍ॅश्लिन वॉटकिन्सने २० रिबाउंड (चुकून परत आलेले शॉट) घेतले. ती कुठून आली होती? बेंचवरून.

दक्षिणवारा

मी स्टेलींची चाहती आहे, त्यामुळे माझं थोडं लांबेल.

डॉन स्टेली फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात सरकारी वसाहतीत वाढल्या. व्हर्जिनियाकडून कॉलेज खेळल्या, पॉइंट गार्ड, उंची जेमतेम साडेपाच फूट. खेळाडू म्हणून ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं, १९९६, २०००, २००४. अथेन्सला अमेरिकेचा झेंडा त्यांच्या हातात होता. टोकियोला मुख्य कोच म्हणून आणखी एक सुवर्ण. एवढ्या मोठ्या खेळाडूला साधारण मुलींची अडचण कळत नाही असा आपला समज असतो. त्यांच्याबाबतीत उलट झालं.

त्या २००८ मध्ये साउथ कॅरोलायनाला आल्या, तेव्हा तिथे महिला बास्केटबॉल कोणी फारसं विचारत नव्हतं. पहिल्या वर्षी १० जिंकल्या आणि १८ हरल्या. आज त्यांच्या घरच्या कोर्टावर अठरा हजार लोक बसतात आणि प्रेक्षकसंख्येत ही टीम कित्येक वर्षं देशात पहिली आहे. मधल्या काळात २०१७ ला पहिली ट्रॉफी, २०२२ ला दुसरी. २०१७ च्या टीममधली एजा विल्सन तिथलीच स्थानिक मुलगी. तिचा पुतळा आता त्या स्टेडियमबाहेर उभा आहे. तिच्या आजीला स्वतःच्या लहानपणी, वर्णभेदाच्या काळात, त्याच विद्यापीठाच्या आवारातून चालायलाही मनाई होती, वळसा घालून जावं लागे. पुतळ्याच्या अनावरणाला एजाने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. आजी तोवर गेली होती.

आणि जाळीची गोष्ट. जिंकल्यावर बास्केटची जाळी कात्रीने कापून तुकडे वाटून घ्यायची तिकडे पद्धत आहे. कॅरोलिन पेक ही राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय महिला कोच, पर्ड्यूकडून, १९९९ ला. तिने आपल्या जाळीचा तुकडा स्टेलींना देऊन ठेवला होता, तूही जिंकशील म्हणून. २०१७ ला त्या जिंकल्या. मग त्यांनी स्वतःच्या जाळीचे तुकडे करून देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचना टपालाने पाठवले. एकीला नव्हे, कित्येकींना. पाकीट उघडल्यावर हातात येणारा तो दोऱ्याचा तुकडा डोळ्यांसमोर आणून बघा.

२०२४ ची फायनल संपल्यावर त्या कोर्टावरच रडल्या. आणि ट्रॉफीच्या मंचावरून बोलताना क्लार्कचे जाहीर आभार मानले, तिने खेळ उंचावला म्हणून. जिंकल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रतिस्पर्ध्याची आठवण ठेवणं सोपं नसतं.

हाफकोर्ट

हे सगळं वाचून मी काल फायनलचा पूर्वार्ध पाहिला. आयोवा सुरुवातीलाच १०-० पुढे, मला वाटलं मी चुकीची मॅच लावली. तरी एक प्रश्न उरतोच. प्रेक्षक आले ते क्लार्कसाठीच ना? साउथ कॅरोलायनाची गोष्ट जगापर्यंत पोचली ती समोर क्लार्क होती म्हणून, असं म्हटलं तर चुकेल का?

आकडेमोड

चुकणार नाही, पण अर्धंच होईल. त्या फायनलला अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख प्रेक्षक होते. त्याच वर्षीच्या पुरुषांच्या फायनलला १ कोटी ४८ लाख. महिलांची फायनल पुरुषांच्या पुढे गेली ती पहिल्यांदाच. यात क्लार्कचा वाटा फार मोठा, कोणी नाकारणार नाही.

पण तीनच वर्षांपूर्वीचं चित्र आठवा. २०२१ ला मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत व्यायामाला डंबेल्सचा एक लहानसा स्टँड ठेवला होता आणि मुलांना पूर्ण सुसज्ज हॉल. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सने मोबाइलवर तो दाखवला आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर चौकशी झाली, अहवाल आला. 'मार्च मॅडनेस' हे नाव मुलींच्या स्पर्धेला २०२२ पासून मिळालं, तोवर ते फक्त मुलांचं होतं. टीमसुद्धा तेव्हाच ६४ च्या ६८ झाल्या.

म्हणजे प्रेक्षक तयार होतेच, दारं उघडायची होती. क्लार्कने शेवटचं दार धाडकन उघडलं. आणि आत आल्यावर लोकांनी जे पाहिलं ते ५१ विरुद्ध २९ रिबाउंड. कार्डोसो एकटी १५ गुण, १७ रिबाउंड. एकटी कितीही चांगली खेळली तरी चुकलेला प्रत्येक शॉट समोरच्याच टीमच्या हातात पडत असेल तर काय करणार?

सांजवेळ

@दक्षिणवारा, एजाच्या आजीचं माहीत नव्हतं. वाचून थांबलेच. लिहिल्याबद्दल आभार.

पुढच्या वर्षी, २०२५ ला, हीच टीम परत फायनलला आली आणि कनेटिकटकडून ८२-५९ अशी हरली, हे नव्या वाचकांसाठी नोंदवून ठेवते. कार्डोसो तोवर डब्ल्यूएनबीएत गेली होती, पण टेसा, रेव्हन, फुलवायली, पाओपाओ सगळ्या होत्या. तेव्हा मला ३८-० ची किंमत जास्त कळली.

उशिरा_आलेली

धागा आत्ता सापडला, सगळा वाचला. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेच्या टीममध्ये घेतलंय पण खेळायला फार मिळत नाही, त्यामुळे हल्ली प्रॅक्टिसला जायला कुरकुरते. तिला यातलं काय दाखवू? दोन तासांची मॅच ती एकदम बसून बघणार नाही.

बेंचवरची

@उशिरा_आलेली, फायनलचा फक्त दुसरा क्वार्टर दाखवा. सुरुवातीला साउथ कॅरोलायना २०-२७ अशी मागे आहे, संपताना ४९-४६ पुढे. दहा मिनिटांचा खेळ, थांबे धरून अर्ध्या तासाच्या आत होतं.

तिला आधी सांगा की चेंडूकडे बघू नकोस. बदली आत आली की तिच्याकडे बघ, ती कोणाला गार्ड करायला धावते, पहिला पास कसा धरते. आणि कॅमेरा बेंचकडे गेला की बसलेल्या मुलींकडे बघ. बास्केट झाली की त्या उठतात, पण डिफेन्स चालू असतानाही एकमेकींना ओरडून सांगत असतात, स्क्रीन येतेय, डावीकडे, मागे. मी तीन वर्षांत हे फार उशिरा शिकले, की बेंचवरून मॅच वाचता येते, आणि वाचलेली असली की उतरल्यावर पाय आपोआप योग्य जागी पडतात.

ती कुठल्या जागी खेळते ते कळवा. गार्ड असेल तर रेव्हनच्या मॅचेस निवडून देते, उंच असेल तर वॉटकिन्सची ती वीस रिबाउंडची सेमीफायनल.